खटक्याची डबी

ऐकून हसलात तरी माझी तक्रार नाही. मीही आधी हसलोच होतो. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातलं शेवटचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

यात काळीकुट्ट रात्र नाही. ओसाड बंगला नाही. जे झालं ते दुपारी चार वाजता झालं. शटर उघडं असताना, बाहेर रस्त्यावर माणसं ये-जा करत असताना.

थोरल्या मामांचं पत्राकामाचं वर्कशॉप आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली धुरांडी, हवा खेळवायचे मोठाले चौकोनी पाइप, असली कामं. पत्रा वाकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं.

हा धाकटा म्हणजे खटक्या. लहानपणी दिसेल ते बटण दाबून बघायचा, म्हणून हे नाव पडलं ते चिकटलंच. लग्न झालं, कानशिलं पांढरी झाली, तरी तो खटक्याच राहिला. आम्ही भाचरंही त्याला खटक्यामामाच म्हणायचो.

खटक्यामामा गिटारची पेडलं बनवायचा. पेडल म्हणजे जमिनीवर ठेवायची एक छोटी डबी. गिटारची वायर तिच्यात जाते, तिथून पुढे स्पीकरला. वाजवणारा पायाने तिच्यावरचं बटण दाबतो. टक्... आणि आवाज बदलतो. कधी फाटतो, कधी घुमायला लागतो. आतलं सर्किट तो वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलावर स्वतः जोडायचा. एकदा तापलेलं सोल्डरिंगचं टोक त्याच्या उजव्या अंगठ्यावर टेकलं. तिथे आडवा, गुळगुळीत व्रण राहिला तो कायमचा.

आणि डबी? डबी दादानेच वाकवलेली हवी.

"अरे, तयार डब्या मिळतात की बाजारात," थोरले मामा म्हणायचे.

"मिळतात. पण त्यात माझं पोर शेजाऱ्याचा सदरा घातल्यासारखं दिसतं."

मग मामा कुरकुरत पत्रा काढायचे. अ‍ॅल्युमिनियमचा, दीड मिलिमीटरचा. रेघा मारायच्या, कापायचा, आधी भोकं पाडून घ्यायची आणि मगच मशीनमध्ये घालून वाकवायचा. खटक्यामामा पत्र्याचं दुसरं टोक धरून समोर उभा राहायचा. खरं तर एवढ्याशा डबीला दुसऱ्या माणसाची काही गरज नसते. पण तो उभा राहायचा. आणि मामांनाही तो समोर लागायचा.

शेवटची डबी त्याला उतरत्या माथ्याची हवी होती. मापांचा कागद त्याने मशीनच्या वर चिकटवून ठेवला होता. पण तेव्हाच एका मोठ्या हॉटेलचं काम अंगावर आलं आणि डबी मागे पडली.

रोज चारच्या चहाला खटक्यामामा वरच्या घरातून जिना उतरून यायचा. दारात उभा राहायचा.

"दादा, झालं?"

"उद्या."

महिनाभर हेच. तो एकदाही चिडला नाही.

"तेच छळतं बघ," मामा मला म्हणाले होते. "एकदा तरी भांडायला हवं होतं त्याने."

त्या मंगळवारी तो आला तेव्हा अंगात चांगला शर्ट होता. संध्याकाळी कुठेतरी वाजवायचं होतं.

"दादा, झालं?"

"उद्या म्हटलं ना! कानात शिसं ओतून घेतलंयस का?"

खटक्यामामा हसला. उघडं सर्किट त्याने जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं, वरून रबर लावलं, पिशवीत टाकलं. स्कूटर काढली.

परत आली ती नुसती पिशवी.

वळणावर खडी पडली होती. स्कूटर घसरली आणि मागून ट्रक आला. पिशवीतल्या डब्याला ओरखडासुद्धा नव्हता. रबरही जागचं हललेलं नव्हतं.

दीड महिन्याने मामांनी शटर उघडलं. घरात बसवत नव्हतं म्हणून. सोबत त्यांचा जुना वेल्डर होता. वीस वर्षांची जोडी, तोंडाने फटकळ, पण जीवाला जीव देणारा.

दुपार झाली. मामा कानस घासत होते. आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं...

पंख्याचा आवाज येत नाहीये.

वर बघितलं. पंखा फिरत होता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. आवाज मात्र कशाचाच नव्हता. कानांवर कुणी तळहात ठेवावेत तसं.

आणि त्या शांततेत... दाराच्या बाजूला...

टक्.

लगेच सगळे आवाज परत आले.

वेल्डरने तोंडावरची काच वर केली. "कोण आलं?"

"कोणी नाही."

"असं कसं? बटण दाबलं कुणीतरी."

कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. सगळी पेडलं खटक्यामामाच्या बायकोने, म्हणजे मामींनी, कधीच वर नेऊन ठेवली होती.

मामांनी घड्याळ पाहिलं. चार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वेल्डर साडेतीनलाच हात धुऊन निघाला.

"सासू आजारी आहे माझी."

"तुझी सासू जाऊन सहा वर्षं झाली."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि गेला.

मामा एकटेच उरले. भीती वाटली नाही, असं ते सांगतात. तो काय विचारायला येतोय, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी त्यांनी पत्रा काढला. वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलला. कोरा, चकचकीत पत्रा. माप बघायला वळले, परत फिरले...

पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला अंगठ्याचा ठसा होता.

ठशाच्या मधोमध एक आडवी, गुळगुळीत रेघ.

मामांनी फडक्याने तो पुसला. नजर वळवली. पुन्हा पाहिलं.

ठसा होता. तिथेच.

या वेळी त्यांनी पुसला नाही.

"धर मग," ते म्हणाले.

छोट्या पत्र्याला ड्रिल लावलं की तो गरगर फिरतो, हात कापतो. म्हणून आधी आवळून घ्यावा लागतो. मामा त्या दिवशी आवळायचं विसरले. चार भोकं पाडून झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

पत्रा तसूभरही हलला नव्हता.

दोन दिवसांत डबी झाली. आयुष्यात इतकं देखणं काम हातून झालं नव्हतं, असं मामा म्हणतात. प्लॅस्टिकच्या डब्यातलं सर्किट काढून त्यांनी आत बसवलं. मामींना वरून खाली बोलावलं. मामींनी खटक्यामामाची गिटार आणली, वायर जोडली, पायाने बटण दाबलं आणि एकच तार छेडली.

तो सूर बराच वेळ खोलीत घुमत राहिला.

खटक्यामामा गेल्यापासून मामी रडल्या नव्हत्या. त्या दिवशी खाली बसून रडल्या.

"झाली हो, भाऊजी. छान झाली."

दुसऱ्या दिवशी मामा चार वाजायची वाट बघत बसले.

पंखा कुरकुरत राहिला. हॉर्न वाजत राहिले. साडेचार झाले. पाच झाले.

काही नाही.

त्यानंतरही नाही. आठवडा गेला. वेल्डर शीळ घालत परत आला. सुटला बिचारा, असं सगळे म्हणाले. मामा मात्र जेवेनात. आधी भाऊ गेला तो ट्रकखाली. आता गेला तो त्यांच्याच हाताने.

आठव्या दिवशी त्यांनी नवीन पत्रा काढला. मापं तीच. भोकं पाडली. मशीनमध्ये घातला. एक बाजू वाकवली...

आणि थांबले. पत्रा तसाच मशीनमध्ये सोडला, हात पुसले, खुर्चीत येऊन बसले.

चार वाजले. पंख्याचा आवाज गेला.

टक्.

"उद्या," मामा दाराकडे बघून म्हणाले. डोळ्यांतून धार लागली होती आणि ते हसत होते.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तो पत्रा अजून तसाच अर्धा वाकलेला आहे. बाकीच्या कामासाठी मामांनी दुसरी मशीन घेतली.

मामींना कळलं तेव्हा त्या खूप बोलल्या. "जाऊ द्या ना त्यांना, भाऊजी. हे बरं नाही."

"तू चार वाजता येऊन बघितलंयस का?" मामांनी विचारलं.

त्या आल्या. त्यांनी ऐकलं. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उलट चहाचा कप घेऊन रोज येऊन बसायला लागल्या. दोन खुर्च्या, दोन कप आणि समोर उघडं दार.

गेल्या महिन्यात त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी हळू.

"ये रे एकदा. भाऊजींना सांग, डबी पुरी करा म्हणावं. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील."

"का? काय झालं?"

"हे दमलेत रे."

मी गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसलो. मशीनमध्ये तो पत्रा होता. त्याच्यावर अंगठ्याचा एक ठसा नव्हता, ठशांची खालपर्यंत ओघळत गेलेली रांग होती. जड वस्तू फार वेळ धरली की हात घसरत जातो, तशी.

चार वाजायच्या आधीच आवाज बंद झाले.

मग जिन्यावर... खर्र...

बराच वेळ काही नाही.

खर्र...

एकेक पायरी. पाय उचलत नसलेलं माणूस उतरतं तशी.

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

खर्र... दाराशी येऊन थांबलं. आणि मग, सगळा जोर लावून दाबल्यासारखं...

टक्.

पत्र्यावरचा सगळ्यात खालचा ठसा माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली सरकला.

थोरले मामा माझ्याकडे वळले. सत्तरीचा माणूस. पण चेहरा असा, जसं लहान मुलाला कुणीतरी न्यायला आलंय.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "आला ना?"

मामी माझ्याकडे बघत होत्या. मी आता बोलणार, म्हणून.

"आला, मामा," मी म्हणालो.

मामी उठल्या. कप तिथेच ठेवून वर निघून गेल्या. जिना चढताना त्या भिंतीला चिकटून चालत होत्या. वाटेत बसलेल्या कुणाला तरी धक्का लागू नये, तसं.

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही. मामांना मीही पुढे काही बोललेलो नाही. रोज ठरवतो.

आत्ता हे लिहितोय तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेत. हल्ली त्याला जिना उतरायला फार वेळ लागतो.

म्हणजे एव्हाना तो निघाला असेल.