खारबांधावरचे आठशे मीटर

रुचिकाने आईची वाळत घालायची दोरी सोडून घेतली आणि मैत्रिणीला, प्राचीला, दुसरं टोक धरायला लावून खाडीचा बांध मोजला. पाण्याचं दार असलेल्या उघाडीपासून बहिरी देवाच्या ठाण्यापर्यंत आठशे मीटर, वर चार पावलं. पोलीस भरतीत मुलींना नेमकं तेवढंच अंतर धावावं लागतं. रेवसच्या रस्त्यावर पहाटेपासून डंपर, गावातल्या गल्लीत कुत्री आणि माणसांच्या नजरा. बांध मात्र सरळ, मऊ मातीचा, एका अंगाला भातखाचरं आणि दुसऱ्या अंगाला खाडी. धाकट्या खारीसारख्या गावात असा रस्ता असताना मुलींनी इथे धावावं, हे कुणाला इतकी वर्षं का सुचलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. पाच मुली बांधावरून सुटल्या आणि दहा मिनिटांत सगळा गाव फावडी-घमेली घेऊन मागे धावत आला. शेजारच्या विनेशच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच होता.

"कुठं पडलीय खांड?" हरेश्वर तात्यांनी धापा टाकत विचारलं. बांधाची देखरेख त्यांच्याकडे होती.

"खांड? आम्ही भरतीची तयारी करतोय, तात्या."

तात्यांनी फावडं खाली टेकवलं. "पोरी, बांदावर चालतात. धावतात ते फकस्त बांद फुटला की. कुणी धावताना दिसला तर हातातला टाकून निघायचा, ही आपली रीत हाय. उद्या तुमची सवय झाली नि खरी खांड पडली, तर कोण येल?"

"म्हणजे आम्ही धावायचंच नाही?"

"दुसरीकडं धावा."

"दुसरीकडे कुठे, ते सांगा ना."

"आधी हवालदारीणबाई होऊ दे, मग आमाला आत टाकील," असं कुणीतरी मागून म्हणालं आणि माणसं हसत परतली. बाकी चौघींना घरच्यांनी थांबवलं. भरतीला आठ दिवस उरले होते. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आलं तर पूर्ण गुण. रुचिकाला अजून तीन मिनिटं पाच लागत होती. आता आपण मागे सरलो, तर या गावातली कुठलीच मुलगी पुन्हा बूट चढवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अमावास्येच्या पहाटे साडेपाचला ती एकटीच निघाली. धुकं इतकं दाट होतं की कुणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ओहोटी लागलेली. उघड्या पडलेल्या चिखलाचा उग्र, आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. तिने उघाडीच्या कठड्याला हात लावला, घड्याळ सुरू केलं आणि धावली.

शंभरेक मीटर गेली असेल. पुढे कुणीतरी धावत होतं.

चप… चप… चप… ओल्या मातीवर अनवाणी पावलं.

"प्राची?"

पावलांचा वेग तेवढा वाढला. रुचिकाला आधी राग आला. आपल्याआधी बांधावर कोण? तिने अंतर कापायचा प्रयत्न केला. श्वास छातीत मावेना. पावलं कायम चार हात पुढे, ना जवळ ना लांब. धुक्यात काहीच दिसत नव्हतं. पण कुणी नुकतंच खाडीतून वर यावं तसे पाण्याचे थेंब मागे उडत होते. ते तिच्या तोंडावर पडत होते, आणि ते खारट होते.

मग पावलं एकदम थांबली.

रुचिकाही थांबली. तिने मुद्दाम थांबायचं ठरवलं नव्हतं. पाय उचललाच नाही. समोर अगदी जवळ कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता… दमलेला, घाईचा. हळूहळू तोही विरला. मग नुसती माती झिरपल्यासारखी सळसळ उरली.

तिने मोबाइलचा दिवा लावला. पुढच्या पावलावर बांध नव्हताच. वर गवताची वीतभर कड, आणि खाली खाडीच्या अंगाने माती पोखरून पार निसटलेली. आणखी एक पाऊल, आणि ती गवतासकट खाली गेली असती. दुपारी बाराला अमावास्येचं उधाण येणार होतं. या भगदाडातून खारं पाणी शेतात शिरलं असतं, तर चार-पाच वर्षं भाताचं नाव घ्यायला नको.

ती वळली आणि आयुष्यात धावली नव्हती तशी धावली. अर्ध्या वाटेवर धुक्यातून माणसं समोर आली. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे. आता बोलणी खावी लागणार, म्हणून तिने आधीच हात पुढे केला. "तात्या, खरंच खांड आहे. ठाण्याच्या अलीकडे…"

"ठावं हाय," तात्या न थांबता म्हणाले. "तूच तर सांगितलास दारोदार."

ती तर अजून बांधावरून उतरलीच नव्हती.

सकाळभर बायका-पुरुष रांगेत उभे राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकवत राहिले. प्राची आली, उरलेल्या तिघी आल्या. बाराला पाणी चढलं, नव्या मातीला भिडलं, माथ्याच्या वीतभर खाली थांबलं आणि तासाभराने ओसरू लागलं.

हात धुता धुता तात्या म्हणाले, "उद्यापासून उघाडीवर लाल फडका बांधा. फडका असला तर सराव. नसला तर आमी येतो. पाचही जणी या. आणि ती चार पावलं जास्तीची हाईत ना, ती पण धावा."

रुचिका हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

संध्याकाळी अंगणात बाबा फावडं धूत होते. आईने चहाचा कप रुचिकाच्या हातात दिला, पण स्वतः आत गेली नाही.

"सकाळी बूट कुठे टाकले होतेस?" तिने हळूच विचारलं. "अनवाणी आलीस. नखशिखांत भिजलेली. म्हणालीस खांड पडलीय, सगळ्यांना उठव. मी तांब्या दिला तर उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायलीस… किती दिवसांची तहानलेली असावीस तशी."

रुचिकाने पायांतल्या बुटांकडे पाहिलं. दिवसभर ते निघालेच नव्हते.

"आणि जाताना मला वहिनी म्हणालीस," आई म्हणाली. "मला वहिनी म्हणणारं या घरात कोण आहे?"

आईला नणंद नव्हती. बाबा एकुलते एक, असंच घरात आजवर सांगितलं जायचं.

बाबांचा हात थांबला. फावडं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी त्यांनी त्यावर आणखी एक तांब्या ओतला. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि बांधाच्या दिशेने पाहिलं.

"उद्या कितीला निघणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"साडेपाचला."

"जा," ते म्हणाले. "पण पाण्याच्या बाटल्या दोन ने."