ठमीचं वजन

काटेवाल्या बाई नाकावर माशी बसू देत नसत, आणि तेवढा त्यांचा अधिकारही होता. एकतीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. गोदामातले, औषधाच्या दुकानातले, दवाखान्यातले. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही काटा तक्रार घेऊन परत आला नव्हता. नवऱ्याच्या माघारी दुकान त्यांनी एकटीने चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तरी दुकानाच्या वरच्या खोलीत एकट्याच राहिल्या. "मी कुणावर ओझं झाले नाही," हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकावं लागे.

ठमीला त्यांनी चार वर्षांपूर्वी बेवारस प्राण्यांच्या आश्रयघरातून आणलं. मांजर दहा वर्षांचं, कान फाटका, आणि माणसांचा भारी तिटकारा. तिथली मुलगी म्हणाली होती, "ही कुणाला जवळ येऊ देत नाही हो. एखादं पिल्लू न्या ना."

"मलाही कुणी जवळ आलेलं खपत नाही," बाई म्हणाल्या आणि पिंजरा उचलला. तेव्हापासून दोघी एकाच घरात आपापल्या तोऱ्यात राहत होत्या.

एका सोमवारी सकाळी ठमी आपणहून बाईंच्या मांडीवर येऊन बसली.

बाईंची मान ताठ झाली. भाचीला लगेच फोन गेला. "चार वर्षं लागली, पण आली की नाही? मी आधीच सांगितलं होतं."

पण ठमी काही उठायचं नाव घेईना. बाई कामाला बसल्या की ती पायांवर बसे. न्हाणीचं दार लावलं की बाहेरून नखांनी ओरबाडे आणि ओरडे. जिन्यात तर ती अशी पायात पायात करी की बाई दोनदा पडता पडता वाचल्या.

"मावशी, म्हातारी मांजरं अशी चिकटतात कधी कधी," भाची म्हणाली. "दिसेनासं होतं, ऐकू येईनासं होतं, नाहीतर काही दुखत असतं. डॉक्टरांना दाखव बरं."

डॉक्टरांनी डोळे, कान, दात, रक्त, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. "फक्त वजन वाढलंय," ते म्हणाले. "खाणं कमी करा."

ठमी दिवसाला दोन चमचे खात होती आणि तिच्या फासळ्या बोटाने मोजता येत होत्या. पण दवाखान्यातला काटा बाईंनीच लावलेला होता, म्हणजे शंकेला जागा नव्हती.

घरी येऊन त्या दुकानातल्या मोठ्या काट्याच्या फळीवर उभ्या राहिल्या. मांजर काट्यावर एकटं स्वस्थ बसत नाही. म्हणून आधी ते कडेवर घेऊन उभं राहायचं, मग खाली सोडून. मधला फरक म्हणजे मांजराचं वजन. ठमीला घेऊन बासष्ट किलो भरले. ते नेहमीचेच होते; बाई अठ्ठावन्न आणि ठमी चार. त्यांनी तिला खाली सोडलं आणि दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी पंचावन्नवर स्थिरावली.

म्हणजे ठमी सात किलो झाली होती, आणि बाई तीन किलोंनी उतरल्या होत्या.

त्यांनी वीस किलोचं प्रमाणवजन आणून फळीवर ठेवलं. काटा वीस म्हणाला, केसभरही कमीजास्त नाही. काटा बरोबर होता. त्या परिस्थितीतही बाईंना त्याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या त्रेपन्न भरल्या, गुरुवारी अठ्ठेचाळीस. ठमीला कडेवर घेतलं की मात्र दरवेळी बासष्ट. कपडे अंगाला पूर्वीसारखेच बसत होते आणि आरशात चेहराही तोच होता. गुडघे दुखायचे थांबले. शेजारीण जिन्यात म्हणाली, "काय हो बाई, चक्क पळताय की!"

"मनावर घेतलं की होतं," बाई म्हणाल्या.

खोलीत आल्यावर त्या खुर्चीत बसल्या. गादी दबली नाही. मग ठमी मांडीवर आली तशी खुर्ची करकरली, गादी खाली गेली आणि गुडघ्यात जुनी कळ आली. बाई घाबरल्या. ही आपल्याकडून काही नेते आहे, की आपल्याला धरून ठेवते आहे, हे त्यांना कळेना. असला प्रश्न विचारायचा तरी कुणाला?

रविवारी बाई अडतीस भरल्या आणि ठमी चोवीस. तिचे काडीसारखे पाय आता थरथरत. स्टुलावरून उतरली की खालच्या दुकानातल्या पितळी तागड्या वाजत. तरी ती धापा टाकत बाईंच्या मागे मागे फिरत होती.

भाची आली, तिने ठमीला उचलायला हात घातला आणि तशीच थांबली. "अगं बाई, ही दगड खाते की काय?" मग बाईंकडे वळून म्हणाली, "डॉक्टर म्हणतायत, तीन दिवस त्यांच्याकडे ठेवू या. तुझ्यापासून लांब राहिली की सवय मोडेल. जमेल ना तुला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण 'मला हिच्याशिवाय राहता येणार नाही' असं म्हणायला बाईंची जीभ रेटेना. आणि ते थरथरणारे पाय त्यांना बघवत नव्हते. आपल्यामुळे या म्हातारीचे हाल होतायत, एवढं त्यांना दिसत होतं. आपल्यापासून सुटली तर तिला हलकं वाटेल, असा त्यांनी हिशेब केला.

"मला काय धाड भरलीय? ने तिला," त्या म्हणाल्या.

ठमीने त्यांच्या बाहीत नखं रुतवली. बाईंनी ती एकेक करून सोडवली. तिच्या फाटक्या कानामागे त्यांनी जरा वेळ खाजवलं, मग पिंजऱ्याचं दार लावलं.

भाचीने पिंजरा एकेक पायरी खाली उतरवला. प्रत्येक पायरीला होणारा आवाज आधीच्यापेक्षा मोठा होता. रस्त्यावर गाडीत तो ठेवायला दोन माणसं लागली.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

"बाई, तुमचा काटा बिघडलाय," डॉक्टर म्हणाले. "मांजर ठेवलं तर बासष्ट दाखवतोय."

मागून भाचीचा आवाज आला, "डॉक्टर, टेबल वाकतंय."

"माझा काटा बिघडत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, पण मांजर बासष्ट किलोचं असतं का कधी?"

"माझा काटा बिघडत नाही, डॉक्टर." त्यांनी फोन ठेवला.

त्या खाली दुकानात गेल्या. जिन्याच्या एकाही पायरीने आवाज केला नाही.

त्या फळीवर चढल्या. दोन्ही पाय नीट जुळवले.

दांडीवरचं वजन अडतीसवर होतं. त्यांनी ते मागे घेतलं. वीस. दहा. पाच.

वजन दांडीच्या टोकाशी जाऊन टेकलं.

दांडी हलली, खालीवर झाली आणि बरोबर मध्ये येऊन थांबली.

रिकाम्या काट्याचा शून्य लावणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. भल्याभल्यांच्या हातून तिथे केसभर चूक राहते.

बाई वाकून बघत राहिल्या. त्यांचा ऊर भरून आला. एकतीस वर्षांत इतका अचूक शून्य त्यांनी पाहिला नव्हता.