गाळलेला आवाज

आई गेली, पण तिच्या खोलीतलं यंत्र प्रयोगशाळेत परत द्यायचं राहिलं होतं. दुपारी धाकटा ते आवरायला बसला. ताई चादरींच्या घड्या घालत होती.

पक्षाघातानं आईची वाचा गेली, हातपाय गेले. मेंदूत बसवलेल्या चकतीचे संकेत बिनतारी पकडून त्यांचे शब्द करणारा हा डबा धाकट्यानंच प्रयोगशाळेत बनवला होता. संकेत क्षीण यायचे. अडलं तिथं डब्यानं तिच्या सवयीची वाक्यं भरावीत, अशी सोय करून स्वारी खूश होती. "बरी आहे मी. जेवलास का?" आई रोज म्हणायची, आणि घर निर्धास्त झोपायचं. ती सांगेल तेव्हाच तिची कूस बदलायची, असं ठरलं होतं.

डॉक्टरांनी काढून दिलेली चकती टेबलावर पाकिटात होती. तरी डब्याचा हिरवा दिवा लागला.

"बरी आहे मी. जेवलास का?"

ताईच्या हातातली चादर गळून पडली.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "काही पकडता आलं नाही की तो सवयीचंच बोलतो. पोपटपंची नुसती. हे बघ, भरणं-गाळणं सगळंच बंद केलं."

आता डब्यानं गप्प बसायला हवं होतं. पण त्यातून खरखर येऊ लागली, संथ, दमलेल्या श्वासासारखी. ती त्याच्या ओळखीची होती. पंख्याची समजून पहिल्याच आठवड्यात त्यानं ती गाळून टाकली होती. आज पंखा बंद होता.

"दुखतंय..." खरखरीतून शब्द सुटे झाले. "पाठ... कुशीवर वळवा रे..."

"म्हणजे ती बरी आहे म्हणायची, ते..." ताई म्हणाली.

शेवटच्या दिवसांत आईच्या पाठीवरच्या जखमा बघून त्यानंच म्हटलं होतं, दुखत असतं तर ती बोलली नसती का? त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं डबा पाकिटाजवळ नेला. दिवा मंदावला. रिकाम्या पलंगाकडे नेला, तसा लख्ख झाला.

"वळवा ना..."

ताई पलंगाच्या पायथ्याशी गेली. तो उशाशी गेला. वेडेपणाच होता, पण दोघांनी उघड्या गादीवर हात घातले.

हातांना भार लागला. त्यांनी तो हळूच कुशीवर वळवला. खालची गादी ऊबदार होती.

डबा थोडा वेळ गप्प राहिला.

"तरी दुखतंय..."