घोंगडीतला उन्हाळा

चंद्रावर पाणी होतं, माती होती, उन्हासारखे दिवेही होते. तरी वाफ्यात पेरलेलं कुसळी गवताचं बी ढिम्म हलत नव्हतं.

सगुणा कोळेकरला घोर लागला होता तो टिकलीमुळे. टिकली तिची मेंढी. चांद्रवस्तीतली पहिलीच. सोबत आणलेला चारा संपत आला होता आणि पृथ्वीवरून आणखी आणणं जमणारं नव्हतं. पुढचं यान सुटेपर्यंत गवत उगवलं नाही, तर टिकली परत जाणार होती.

"बी मेलंय," सगुणा म्हणाली.

"जिवंत आहे. तपासलंय मी," खुरपं म्हणालं. खुरपं म्हणजे बागकाम करणारा यंत्रमानव; नाव सगुणानेच ठेवलेलं. "काढल्या काढल्या फ्रीजमध्ये ठेवलं. अगदी ताजं आहे!"

"मग उगव म्हणावं त्याला."

"म्हणून बघितलं."

सगुणाला हसू आलं नाही.

कोळेकरांच्या घरात घोंगडीशिवाय कुणी प्रवास करत नाही. सगुणाची घोंगडी इथे आल्यापासून, कित्येक महिने, गरम पाइपावर पडून होती. परवा आईने ती धुतली, चांगली चोळली, आणि ओलीच गुंडाळून विसरली. सगुणाने ती उलगडली आणि ओरडली, "खुरप्या! घोंगडीला गवत आलंय!"

लोकरीतून पांढुरके कोंब डोकावत होते.

"हे बी कुठलं?" खुरप्याने विचारलं.

"आपल्याच माळावरचं. पृथ्वीवर टिकलीमागे हिंडताना कुसळं घुसली असतील. पण तुझं बी गारठ्यात होतं आणि हे पाइपावर."

खुरप्याचा दिवा लुकलुकला. "चूक माझीच. फ्रीजमधलं बी सुप्तावस्थेत आहे (जिवंत असूनही झोपलेलं). पावसाळा संपता संपता ते गळतं. लगेच उगवलं तर पुढे पाणी नाही, रोप वाळणार. म्हणून ते उन्हाळा सोसल्याशिवाय जागंच होत नाही."

"आणि तू त्याला उन्हाळाच दिला नाहीस!"

"नाही. तुझ्या पाइपाने दिला. आईच्या चोळण्याने वरचं टरफल सैल झालं, पाणी आत शिरलं. याला बीजसंस्कार म्हणतात (पेरण्याआधी बियाला उगवण्यासाठी तयार करणं)."

"आईला कळलं तर ती पगार मागेल."

घोंगडीत अडकलेलं उरलेलं बी दोघांनी वेचलं, भिजवलं आणि पेरलं. यान सुटायच्या आधी वाफ्यावर हिरवी लव दिसली. वस्तीच्या प्रमुख बाई वाकून बघत होत्या, तेवढ्यात टिकलीने त्यांच्यादेखत एक पातं खाऊन टाकलं.

"राहू दे हिला," बाई म्हणाल्या.

सगुणाने फ्रीजमधलं सगळं बी काढून गरम पाइपावर पसरलं. महिना-दोन महिने उन्हाळा, मग चोळणं, मग पाणी. पुढे वस्तीवरच्या घुमटाखालची अख्खी जमीन हिरवी करायची होती.

"फ्रीज रिकामा झाला," खुरपं म्हणालं. "आता त्यात काय ठेवू?"

"टिकलीचं परतीचं तिकीट."