जाणती

त्या काळात मिरजेत फिटच्या प्रत्येक आजाऱ्यामागे घरात एक जाणता असे.

ऑपरेशननंतर मेंदूच्या लहरी टिपून, फिट परत येणार का आणि कितव्या महिन्यात, हे यंत्र सांगू लागलं, तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. पण ज्याला महिना कळे त्याची झोप उडे, आणि मोडलेल्या झोपेसारखं फिटला दुसरं आवतण नाही. न सांगितलेलं भाकीत शंभरांत साठ वेळा खरं ठरे. सांगितलेलं नव्वद वेळा. म्हणून नियम झाला. भाकीत आजाऱ्याला नाही, त्यानं निवडलेल्या एकालाच सांगायचं. त्या महिन्यात आजाऱ्याला विस्तवापासून, विहिरीपासून जपायला कुणीतरी हवं ना? तो जाणता. आणि जाणत्यानं बाहेर येऊन, काहीही कळलेलं असो, एकच वाक्य बोलायचं: ‘सगळं ठीक आहे.’

रेवानं आईला निवडलं होतं.

रेवाच्या डोक्याला तारा चिकटवताना डॉ. नाझनीन मुजावर थांबल्या. “कुमुदकाकू, आज पण तेल?”

“शनिवार ना. मारुतीचं. बोटभरच लावलं हो.”

“तुमचा मारुती माझ्या तारा घसरवतोय!”

“आईला बोलू नका, डॉक्टर,” रेवा हसली. “अठरा वर्षं शनिवार नुसत्या पाण्यावर काढतेय. माझी फिट कायमची गेली असं कळलं, की त्या दिवशी जेवणार.”

तासाभरानं रेवाला बाहेर बसवून डॉक्टरांनी यंत्राचा पडदा काकूंकडे वळवला. “सातवा महिना,” त्या हळूच म्हणाल्या. “पण चुकतंही, काकू. तिची झोप तेवढी सांभाळा.”

“आणि मी? मी झोपायचं का?”

“तुम्ही झोपलात तरच ती झोपेल.”

काकू पदर सावरून उठल्या.

“सगळं ठीक आहे,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. रेवानं मान हलवली. हे वाक्य तिथल्या बाकावर बसलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं.

घरी आल्यावर रेवानं दोन पानं वाढली. भात, वरण, तूप, लिंबाची फोड. मग आईच्या तोंडाकडे न बघता ती आईच्या ताटाकडे बघत बसली.

“जेव ना, आई.”

काकूंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत मारुतीची गरज आजच्याइतकी कधी पडली नव्हती. ‘राया, पाप लागलं तर मला लागू दे,’ त्या मनात म्हणाल्या आणि भात कालवला. पहिला घास पाण्याशिवाय उतरवला.

“मीठ कमी पडलंय गं.”

रेवानं मीठ वाढलं. तिचे डोळे भरून आले होते. “खरंच गेली म्हणायची,” ती पुटपुटली.

दुपारी ती आईच्या कुशीला लागली आणि लहानपणासारखी गाढ झोपली. शेजारी काकू डोळे मिटून पडल्या होत्या. रेवा मध्येच जागी झालीच, तर आई झोपलीय असं दिसावं, म्हणून त्या एकेक श्वास मोजून, सावकाश, सारखा घेत होत्या.