तेजूला कॅम्पला का पाठवलं नाही

“नाही म्हणजे नाही! तेजू मुळशीच्या कॅम्पला जाणार नाही!” रुपालीच्या तोंडून शब्द निघून गेले, आणि टेबलाशी फॉर्म भरत बसलेल्या तिच्या नवऱ्याचं, रणजितचं पेन जागच्या जागी थांबलं.

दहा दिवसांचा निवासी कॅम्प, घोडेस्वारी, तंबूत झोपणं... हडपसरच्या त्याच्या आयटी कंपनीतल्या सगळ्यांची मुलं निघाली होती, आणि फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस!

“इथे बिबवेवाडीतच सकाळचं शिबिर आहे ना,” रुपाली हळूच म्हणाली. “पोहणं, चित्रकला... दुपारी पोर घरी.”

“वा! जगाची पोरं घोड्यावर बसणार आणि आमची नात कागदाच्या होड्या करणार!” मेथी निवडता निवडता सासूबाई, आनंदीबाई फणकारल्या. “पोटची असती, तर असं केलं असतंस का गं?”

आता सांगा, काय बोलायचं त्या बिचारीनं! तेजूची आई गेली तेव्हा पोर सहा वर्षांची. वर्षभरानं रुपाली या घरात आली, आणि आठवड्याच्या आतच तिला कळलं, की तेजूचं अंथरूण पहाटे ओलं होतं. “मावशी, कुणाला सांगू नकोस ना... बाबांनासुद्धा नाही!” पोर तिचा पदर धरून म्हणाली होती, आणि रुपालीनं शब्द दिला होता. तेव्हापासून दोन वर्षं, घर उठायच्या आत चादर धुऊन गच्चीवर वाळत पडायची. तेजूला समजावून गुपचूप दाखवलं, तेव्हा हळूहळू थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते. अजून थांबलं नव्हतं. ‘रोज मेली कसली चादरी धुवायची हौस!’ असं सासूबाई म्हणायच्या, ती मुकाट ऐकून घ्यायची. पण तंबूत, वीस पोरींच्या देखत...? छे!

“कारण तरी सांग, रुपाली,” रणजित म्हणाला.

“नाही सांगता येणार हो...”

“तिची आई असती, तर...” रणजित बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच लागलं. रुपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षांची माया एका वाक्यात मातीमोल!

दारात तेजू उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

“मी सांगते,” फ्रॉकचं टोक चुरगाळत ती म्हणाली. “माझं अंथरूण ओलं होतं, बाबा. मावशी पहाटे उठून धुते. मीच तिला शपथ घातली होती.”

आनंदीबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. “अगं बाई... मला का नाही बोललीस, रुपाली?”

“ते तिचं गुपित होतं, आई. मी कसं सांगणार?”

म्हातारीनं नातीला जवळ ओढलं. “त्यात लाजायचं काय, सोन्या? हा तुझा बाप, एवढा कॉम्प्युटरवाला साहेब, पाचवीत जाईपर्यंत गादी भिजवायचा!” रणजितचे कान लाल झाले, तेजू खुदकन हसली. मग आनंदीबाईंनी रुपालीच्या डोक्यावर हात ठेवला. “जीभ झडो माझी! उद्यापासून चादर मी धुणार. तू जरा झोप, पोरी.”

“चुकलो मी...” रणजित एवढंच म्हणाला, आणि त्यानं मुळशीचा फॉर्म फाडून टाकला.

इतका वेळ अडवून धरलेला रुपालीचा हुंदका तेव्हा कुठे फुटला. तेजू धावत आली, तिच्या गळ्यात हात टाकून कळवळून म्हणाली,

“आता का रडतेस, मावशी? सांगितलं ना मी सगळं! आता तुला कुणी काही बोलणार नाही.”