एक कांडी रेंज

मलकापूरला स्टेशन रोडवर शाकिरभाईचं दुकान. पुढे मोबाइलची कव्हरं टांगलेली, मागे पार्टिशनच्या आड खरा धंदा: कॅमेरे, केबल, नेटवर्क. २०१९ च्या मार्चमध्ये शाकिरभाईला आजवरचं सगळ्यात मोठं काम मिळालं. जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या चौदा शाखांना वायफाय लावायचं, आणि ते असं, की मलकापुरात बसून चौदाही शाखा एकाच पडद्यावर दिसल्या पाहिजेत. कुठला डबा चालू, कुठला बंद, कुठे किती फोन जोडलेत, सगळं. पासवर्ड बदलायचा तर इथूनच, कुणाला हाकलायचं तर इथूनच. आता आपण उंटावर बसून शेळ्या हाकणार, असं शाकिरभाई येणाऱ्याजाणाऱ्याला झोकात सांगायचा.

उंट मिळाला तरी शेळ्या बांधायला माणूस लागतोच. ते काम राजकुमारचं. धामणगाव बढ्याचा, वय एकोणतीस, हात सफाईचा. शिडी, ड्रिल आणि केबलचं भेंडोळं मोटारसायकलला बांधून तो महिनाभर जिल्हा फिरला. छताला जेवणाच्या ताटाएवढा पांढरा डबा लावायचा, वायर कपाटामागून न्यायची, आणि शेवटी फोन हातात धरून शाखेत कोपरा न् कोपरा चालायचं. कुठे रेंजच्या किती कांड्या येतात ते कागदावर मांडायचं. पहिल्या सहा शाखा तो इमानदारीने चालला. मग त्याच्या लक्षात आलं, की सगळ्या शाखांच्या खोल्या एकाच मापाच्या आहेत. मोताळ्याचा कागद समोर ठेवून उरलेल्या आठ शाखांचे कागद त्याने टपरीवर चहा पिता पिता भरले. जानेफळचाही त्यातच आला.

कामचुकार म्हणावा तर तसा तो नव्हता. जिथे कुणी बघत नाही तिथून तो जरा लवकर उठायचा, एवढंच. पण ही खोड जुनी होती, आणि ती एकदा काय करून बसली होती हे त्याच्या एकट्याच्या पोटात होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी चौदाही डबे पडद्यावर हिरवे झाले. शाकिरभाईने पेढे मागवले. पेढा तोंडात घोळवत तो एकेक ओळ बघत होता, तो जानेफळवर थांबला. तिथे शाखेत माणसं चार, शिवाय झाडलोटीला येणारी एक बाई, आणि बाईकडे फोन नाही. म्हणजे फोन चार हवेत. जोडलेले दिसत होते पाच.

“काऊन बे, हा पाचवा कोन हाय?”

पाचव्याला नाव नव्हतं. नुसती आकड्या-अक्षरांची ओळ. रेंज एक कांडी. सकाळी नऊ दहाला जोडलेला. बाजूच्या दुकानदाराने पासवर्ड उचलला असेल, असं राजकुमार म्हणाला. मग कर ब्लॉक, असं सांगून शाकिरभाईने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. ब्लॉकच्या बटणावर राजकुमारचं बोट क्षणभर अडलं. मग त्याने ते दाबलं.

मंगळवारी तो पुन्हा जानेफळला होता, आणि मोताळ्यालाही. बुधवारी पाच शाखांत. शुक्रवारी चौदाही शाखांत एकाच वेळी, प्रत्येक ठिकाणी एकच कांडी. मलकापूर ते जानेफळ मोटारसायकलवर अर्धा दिवस जातो. एक फोन चौदा गावी कसा असेल? शाकिरभाईने पासवर्ड बदलला, दोनदा बदलला. डबे बंद करून चालू केले. डबे बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर त्याने घड्याळ बिघडलं असेल म्हणून सांगितलं. पण घड्याळ बरोबर होतं. पाचवा रोज नऊ दहाला यायचा आणि संध्याकाळी सहा वीसला जायचा. दिवसभरात तो काही बघायचा नाही, काही पाठवायचा नाही. ब्लॉक असूनही आत यायचा प्रयत्न मात्र करायचा, आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद यादीत पडायची. शाकिरभाईने ती यादी उघडून बोटावर मोजली.

“अकरा वेळा. कालही अकरा. परवाही अकरा. गिनतीचा पक्का दिसते.”

राजकुमारने हातातला चहा खाली ठेवला. त्याला काही विचारायचं राहिलं नव्हतं.

२०१७ हे बोंडअळीचं वर्ष. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं सगळ्यांनी ऐकलेलं, आणि त्या ऑक्टोबरात बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. तक्रारी आल्या, वावरावावरांचे पंचनामे निघाले. तेव्हा राजकुमार एका कंत्राटदाराकडे त्याच कामाला होता. दोन दिवसांत चाळीस वावरं. प्रत्येक कागदावर खाली शेतकऱ्याचा अंगठा लागायचा, म्हणजे जाणं भागच. पण कागदात एक वाट होती. ‘शेतकरी जागेवर हजर नाही’ असं लिहिलं, की अंगठ्याची गरज उरत नसे. सडकेलगतची वावरं त्याने पाहिली. आडबाजूच्या वावरांचे कागद जानेफळच्या टपरीवर बसून निकाली काढले.

त्यातला एक कडूबा. त्याला तर राजकुमारने सकाळी नऊ दहाला स्वतः फोन केला होता. वावरात जाऊन जागेवर उभे राहा, हलू नका, मी येतोच. मग ऊन चढलं, रस्ता चिखलाचा होता, आणि तो गेला नाही. दिवसभर त्या नंबरवरून फोन येत राहिले. अकरा. शेवटचा सहा वीसला. त्याने एकही उचलला नाही, आणि मग तो नंबर ब्लॉक करून टाकला. तिसऱ्या दिवशी पेपरच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या, की जानेफळच्या शेतकऱ्याने विहिरीत उडी घेतली. राजकुमारने ते काम सोडलं आणि शाकिरभाईकडे आला. का सोडलं ते बायकोलाही सांगितलं नाही.

शाकिरभाईने त्यालाच जानेफळला पाठवलं. निघताना विचारलं, “तू थ्या शाखेत कोपरा न् कोपरा चालला होता ना?”

“हो,” राजकुमार म्हणाला, आणि हेल्मेटचा पट्टा लावायला मान खाली घातली.

खामगावमार्गे तो पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शाखेत मॅनेजर भगवंतराव आणि तिघं जण आपापल्या टेबलाशी, वर पंखा गरम हवा ढवळत होता. राजकुमारने फोनवर तोच पडदा उघडला आणि या खेपेला तो खरंच चालला. दार, काउंटर, तिजोरीची खोली. सगळीकडे रेंज भरपूर. चारही फोनांना पूर्ण कांड्या. पाचव्याला एक.

मागच्या खोलीत झाडलोटीची बाई माठ भरत होती. पन्नाशीची, कपाळ मोकळं. फोन उंच धरून भिंतीभिंतीने फिरणाऱ्या राजकुमारकडे ती बघत राहिली, आणि थोडं हसली.

“माहा माणूसही असाच फिरे, फोन वरते धरून. आमच्या वावरात रेंजच नाई ना भाऊ. फक्त विहिरीच्या काठावर उभं राह्यलं का एक कांडी ये.”

राजकुमारने विचारायला नको होतं. पण त्याने विचारलं, की मावशी, तुमचं नाव काय.

“तानुबाई. कडूबाची.”

ती आपणहून बोलत गेली. कुणी ऐकणारं तिला बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. त्या दिवशी पंचनाम्यावाल्याचा फोन आला म्हणून कडूबा भाकरही न घेता वावरात गेला. जागेवर उभा राहतो, असं सांगून गेला. रात्रीपर्यंत आला नाही. सकाळी विहिरीत सापडला. फोन गाळात गेला, तो मिळाला नाही. तिला वाटलं होतं पाय घसरला असेल. पण महिन्याने पंचनाम्याच्या कागदाची नक्कल आली, ती गावाने वाचून दाखवली.

“मले सांगून गेल्ता, जागेवर उभा राह्यतो. अन् कागद म्हने, जागेवर नव्हता. मंग दिवसभर कुठी होता थो? मले खोटं सांगून मराले गेला, भाऊ. शेवटचं बोलला थेही खोटंच.”

दीड वर्ष तिने त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. वर्षश्राद्धही घातलं नव्हतं. जो आपल्याशी शेवटचंही खरं बोलला नाही, त्याला पाणी कशाला द्यायचं, असं ती म्हणाली, आणि माठावर झाकण ठेवलं.

विहिरीचा काठ. रेंज फक्त काठावर. म्हणजे अकराही फोन कडूबाने काठावरून केले होते. सकाळपासून सहा वीसपर्यंत, उपाशी, ओल्या दगडांवर उभं राहून. राजकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं दीड वर्ष त्याची समजूत होती, की आपण फक्त गेलो नाही. त्याला त्या काठावर उभं आपणच केलं होतं.

मूग गिळून निघता आलं असतं. डबा बिघडलाय म्हणून नवा आणतो, असं सांगून मोटारसायकलला लाथ मारली असती, तर कोण विचारणार होतं? तो दाराकडे वळलाही. सवयीने त्याची नजर फोनवर गेली.

पाचव्याच्या दोन कांड्या झाल्या होत्या.

तो थांबला. तीन झाल्या.

खोलीत शेवाळाचा वास आला. जुन्या, न उपसलेल्या पाण्याचा. माठ तर नुकताच घासलेला होता.

चार.

तानुबाईने मान वर करून हवेत काहीतरी हुंगलं, आणि ती दाराकडे बघत राहिली. दारात कुणी नव्हतं.

“थो फोन मीच केल्ता, मावशी,” राजकुमार म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. टपरी, चहा, अंगठ्याची पळवाट, ब्लॉक केलेला नंबर. खालमानेने सांगितलं, काही वगळलं नाही. भगवंतराव केव्हा दारात येऊन उभे राहिले ते त्याला कळलं नाही.

“अकरा फोन?” तिने विचारलं.

“हाव.”

“म्हनजे थो काठावरच उभा होता. सांगून गेल्ता तसा.”

“हाव.”

“उचलला काऊन नाई?”

जमिनीने पोटात घेतलं असतं तर तो गेला असता.

तिने ओले हात पदराला पुसले. मग ती म्हणाली, “लिहून द्या.”

त्याच्या पिशवीत जानेफळ शाखेचा खोटा कागद होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्याने लिहिलं: शेतकरी कडूबा हे सकाळी ९.१० ते सायंकाळी ६.२० जागेवर हजर होते. तपासणीसच आला नाही. खाली सही केली. आणि हाताला लागलेल्या जुन्या वळणाने डावीकडे ‘शेतकऱ्याचा अंगठा’ असं लिहून तेवढी जागा मोकळी सोडली. सोडल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण खोडायचा धीर झाला नाही.

भगवंतरावांनी कागद मोठ्याने वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. उद्या चार माणसं बोलावून हाच कागद गावासमोर वाचू, असं म्हणून त्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. राजकुमारकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तो मेहकरला लॉजवर राहिला.

सकाळी नऊला तो शाखेत आला. तानुबाई आधीच आली होती. तिने झाडून घेतलं होतं, आणि आज घरी फोटो सरळ केला, एवढंच ती भगवंतरावांना म्हणाली. गावातली चार माणसं बाकावर बसली होती.

नऊ दहा झाले. नऊ पंधराला शाकिरभाईचा फोन आला.

“चौदाही साफ हायेत बे. थो पाचवा कुठीच नाई. काय केलं तू?”

“कोपरे चाललो, शाकिरभाई.”

भगवंतरावांनी करदोट्याची किल्ली सोडवली, कपाट उघडलं, आणि कागद काढता काढता त्यांचा हात थांबला. दोन बोटांत धरून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

मोकळ्या जागेत अंगठा उमटला होता. काळ्या मातीचा. आडवी एक रेघ त्यात कोरी राहिली होती, जुन्या जखमेच्या वणासारखी.

तानुबाई वाकली. तिने त्या रेघेशी बोट नेलं, लावलं नाही.

“विळा लागल्ता,” ती हळू म्हणाली. “लग्नाच्या वर्षी.”

बाहेर एप्रिलचं ऊन लागलं होतं. गेले कित्येक महिने जानेफळच्या शिवारात पावसाचा थेंब नव्हता. बाकीचा कागद कोरडा खडखडीत होता.

अंगठ्याची माती अजून ओली होती.